तांबड्या मातीतले कण

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाला मी आजवर नेहमी पडद्यामागे असते, म्हणजे चहाच्या पातेल्यापाशी. चार माणसांपुढे उभे राहून बोलण्याचा हा माझा पहिलाच प्रसंग. कार्यवाह वहिनी महिन्यापूर्वी घरी आल्या आणि म्हणाल्या, "या वर्षी तुम्ही बोलायचे." मला वाटले, गोड्या मसाल्यावर बोलायचे असेल. तर म्हणाल्या, "मसाला नको, तुमच्या थोरलीच्या मातीविषयी सांगा. गावात नाही नाही ते ऐकू येते."

तेही खरेच. कोणी म्हणते, ती घाटात सोने शोधते. कोणी म्हणते, सरकारने तिला भूकंप मोजायला नेमले आहे. एका मावशींनी तर मला देवळात हळूच विचारले, "पोत्यांतून काही सापडले का गं?" तेव्हा एकदा सगळ्यांना मिळून सांगून टाकावे म्हणून उभी राहिले आहे. मी सातवी शिकलेली. आमच्या गावची शाळा सातवीपर्यंतच होती आणि पुढची शाळा नदीपलीकडे. त्यामुळे माझ्या बोलण्यात शास्त्राची भाषा येणार नाही. पण जे सांगेन ते लेकीला तीन-तीनदा विचारून घेतलेले आहे, आणि हे भाषण लिहून झाल्यावर तिला वाचूनही दाखवले आहे. तिने दोन ठिकाणी मला थांबवले. ती दोन्ही वाक्ये मी काढून टाकली.

प्रथम माझा अपराध सांगते, कारण सगळी हकीकत तिथूनच सुरू होते.

आमची थोरली भूशास्त्र घेऊन एम. एस्सी. झाली आणि पुढे संशोधनाला लागली. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात ती आंबेनळी घाटातून दोन पोती तांबडी माती घेऊन आली. कॉलेजात उन्हाळ्याची पाण्याची ओरड, म्हणून धुण्याचे काम तिने घरी परड्यात काढले. एक पसरट थाळी घ्यायची, तीत माती घालून पाण्याखाली गोल गोल हलवायची, हलके ते वरून वाहू द्यायचे आणि जड तेवढे तळाशी राखायचे. आपण तांदूळ रोळतो ना, अगदी तसेच. फरक एवढाच की आपण तांदूळ ठेवतो आणि खडे टाकतो, आणि ती खडेच ठेवते. वीस-बावीस दिवस हा उद्योग चालला. कंबर धरली तरी तिने सोडले नाही. शेवटी दोन पोत्यांमधून दोन चमचे काळसर रेती उरली. ती एका स्टीलच्या ताटलीत वाळत ठेवून ती आंघोळीला गेली.

मी मोरीत भांडी घासत होते. ताटली दिसली, तळाशी गाळ दिसला. मी ती घेतली, खळखळून विसळली आणि पालथी घातली.

पोर रागावली असती तर बरे झाले असते. ती नुसती मोरीच्या जाळीकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, "आई, पाऊस आठ दिवसांवर आलाय गं. आता दसऱ्यापर्यंत घाटात जाता येणार नाही." बस्स, एवढेच. त्या रात्री मला झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी भांड्यांचे आवरल्यावर मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि म्हटले, "मी काय फेकले ते तरी मला सांग."

आणि तिने सांगितले.

त्या रेतीत झिरकॉन नावाच्या खनिजाचे कण असण्याचा संभव होता. सराफाकडे झरकनचे खडे म्हणून जे मिळतात, ते बहुतेक कारखान्यात केलेले असतात. ते हे नव्हेत. हे कण जमिनीच्या पोटात, वितळलेल्या दगडाच्या रसात, आपोआप तयार होतात. आकाराने एवढे लहान की एक मिलिमीटरचे दहा भाग केले तर त्यातला एखादा भाग. बारीक रव्याचा दाणाही त्यापुढे थोराड दिसेल. पण चिवट असे की दगड झिजून माती झाली, माती वाहून पुन्हा दगड झाली, तरी कण आपला जसाच्या तसा. आणि पाण्याच्या साडेचारपट जड, म्हणून थाळीत तळाशी बसतो.

त्या कणाचे मोल कशात, तर तो आपले वय सांगतो. कसे ते ऐका. युरेनियम नावाचा धातू आहे. तो कोणी न छेडता, आपल्या आपण, अत्यंत सावकाश पालटत जातो आणि शेवटी त्याचे शिसे बनते. झिरकॉनचा कण तयार होत असताना तो युरेनियमला आपल्यात जागा देतो, पण शिशाला देत नाही. शिसे त्याच्या घडणीत बसतच नाही. म्हणजे कण जन्मला तेव्हा त्यात शिसे जवळजवळ नव्हतेच. पुढे आत जे शिसे सापडते ते सगळे आतल्या युरेनियमचेच झालेले. युरेनियम किती उरले आणि शिसे किती साचले हे मोजले की कण किती वर्षांपूर्वी झाला ते निघते.

आणखी एक मौज आहे. युरेनियम एका जातीचे नसते. एक २३८ वजनाचे, एक २३५ वजनाचे. जुळ्या भावांसारखे, रूप तेच, स्वभाव तोच, नाव तेच, फक्त एक किंचित जड. शास्त्रात यांना समस्थानिके म्हणतात. २३८ चे पालटून २०६ वजनाचे शिसे होते आणि निम्मे सरायला ४४७ कोटी वर्षे लागतात. २३५ चे २०७ वजनाचे शिसे होते आणि ते ७० कोटी वर्षांत निम्मे होते. म्हणजे एका कणात दोन घड्याळे, एक मंद आणि एक त्यामानाने चलाख. दोन्हींनी एकच वेळ दाखवली तर विश्वास ठेवायचा. नाही दाखवली तर समजायचे की कण मध्येच कधी तापला, कुठे तडकला आणि त्यातून शिसे निसटले. मला हे फार आवडले. माणसाच्या साक्षीलासुद्धा अशी सोय असती तर किती बरे झाले असते!

मी विचारले, "पण एवढेसे शिसे वजनाप्रमाणे निवडायचे कसे?" ती म्हणाली, "सुपाने." म्हणजे थट्टेत, पण तशी ती थट्टा नव्हे. त्या अणूंना विजेचा भार देऊन वेगाने सोडतात आणि वाटेत मोठा लोहचुंबक ठेवतात. हलके अणू जास्त वळतात, जड कमी वळतात, आणि ज्याचे त्याचे ठिकाण वेगळे होते. पाखडताना फोल लांब पडते आणि दाणा जवळ पडतो, त्याच जातीची युक्ती.

आता माझ्या ताटलीचे एक सांगून टाकते. माझे मन खाते आहे हे पाहून लेकीने मला एका अमेरिकन शास्त्रज्ञाची हकीकत सांगितली, बहुधा समजूत घालण्यासाठी. त्यांचे नाव क्लेअर पॅटरसन. नाव बाईचे वाटते, पण ते गृहस्थ होते. १९४८ च्या सुमारास शिकागोच्या विद्यापीठात त्यांना हेच काम दिले होते, झिरकॉनच्या कणातले शिसे मोजण्याचे. त्यांचे सहकारी युरेनियम मोजत, त्यांचे उत्तर बरोबर येई. पॅटरसन यांचे शिसे मात्र दर वेळी भलतेच जास्त. कणात असायला हवे त्याच्या कितीतरी पट. पुष्कळ दिवसांनी उलगडा झाला, की शिसे कणात नव्हतेच. ते खोलीच्या हवेत होते, धुळीत होते, काचेच्या भांड्यांत होते, पाण्यात होते, त्यांच्या स्वतःच्या कपड्यांवर होते.

मग या माणसाने काय केले असेल? घासायला घेतले! फरशी, टेबले, भांडी, सगळे पुन्हा पुन्हा. पुढे कॅलिफोर्नियात त्यांनी आपल्यासाठी गाळलेल्या हवेची अशी खोली बांधून घेतली की जीत धूळ शिरायला वाव नाही. त्या स्वच्छतेच्या जोरावर त्यांनी आकाशातून पडलेल्या उल्केतले शिसे मोजले, आणि १९५६ साली पृथ्वीचे वय ४५५ कोटी वर्षे असल्याचे प्रसिद्ध केले. त्यात आजवर फारसा फरक पडलेला नाही. जगाचे वय भांडी घासण्याने ठरले, असे मी आमच्या ह्यांना म्हटले, तर ते हसले. पण यात हसण्यासारखे काय आहे?

पॅटरसन तेथे थांबले नाहीत. एवढे शिसे हवेत आले कोठून, याच्या ते मागे लागले. मोटारींच्या पेट्रोलमध्ये शिसे घालीत, ते धुरातून सर्वत्र पसरत होते. समुद्राच्या पाण्यात, ग्रीनलंडच्या बर्फात त्यांनी ते दाखवून दिले. शिसे अंगात गेले की लहान मुलांच्या मेंदूला अपाय होतो. १९६५ साली त्यांनी याबद्दल उघड लिहिले आणि पेट्रोलच्या धंद्यातल्यांचा रोष ओढवून घेतला. आपल्या देशात शिशाचे पेट्रोल २००० साली बंद झाले आणि जगातल्या शेवटच्या देशात, अल्जीरियात, २०२१ साली. जाता जाता सांगते, आपल्या देवांना लावतात तो शेंदूर म्हणजे शिशाचेच भस्म. सासूबाईंना हे पटवायला मला आठवडा लागला, पण आता आमच्याकडे शेंदराची पुडी मुलांच्या हाती लागेल अशी ठेवीत नाहीत. हळदीच्या कुंकवाचे तसे नाही. मात्र बाजारचे भडक कुंकू बघूनच घ्यावे.

लेकीच्या प्रयोगशाळेत आजही हाच नेम आहे. डोक्याला टोपी, अंगात झगा, दाराशी चिकट कागद, त्यावर पाय टेकल्यावाचून आत जायचे नाही. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे सोवळेच की!" सोवळ्यावरून आमच्या घरी पूर्वी पुष्कळ वाद झालेले आहेत. या एका सोवळ्यावर मात्र तिन्ही पिढ्यांचे एकमत आहे.

असो. दसरा झाला आणि आम्ही पुन्हा घाटात गेलो. आम्ही म्हणजे थोरली आणि मी. "मी टाकले, तर भरून द्यायलाही मीच येणार," असे म्हटल्यावर ह्यांचा नाइलाज झाला. महाबळेश्वरहून पोलादपूरकडे उतरताना तुम्ही पाहिले असेल, काळ्या कातळाचे थर एकावर एक रचलेले दिसतात आणि मधूनच एखादा विटकरी तांबडा पट्टा जातो. लहानपणापासून मी तो पाहत आले. मला वाटे, पाण्याने गंज चढला असेल. तसे नाही. आपला सारा सह्याद्री हा लाव्ह्याचा आहे, हे शाळेत आपण शिकलो. एक थर वाहून आला, निवला. मग काही हजार वर्षे शांत गेली. त्या शांततेत वरचा दगड कुजून माती झाली. त्यावर कोठल्यातरी दूरच्या ज्वालामुखीची राख येऊन पडली. मग पुढचा लाव्हा आला आणि त्याने ते सगळे झाकून टाकले, भाजून तांबडे केले. तो हा पट्टा. आपल्या काळ्या कातळात झिरकॉन जवळजवळ मिळत नाही. पण त्या राखेतून आलेला असला तर तांबड्या पट्ट्यात मिळतो. म्हणून त्या मातीचा सोस.

दोन दिवस आम्ही माती खणली. येताना एस. टी.च्या वाहकाने विचारले, "बाई, पोत्यात काय?" मी म्हटले, "माती." त्याला वाटले मी उलट उत्तर देते आहे. पोत्याचे तोंड सोडून दाखवावे लागले. मग तो म्हणाला, "आमच्या गावात फुकट आहे की!" आणि सामानाचे भाडे घेतलेच.

या खेपेला धुणे मीही केले. रोळण्याचा हात मला आहे, तो लेकीला नाही. तिची रेती दोन चमचे उरली होती, माझी तेवढीच माती धुऊन तीन उरली. पुढचे काम कॉलेजातले. लोहचुंबक फिरवून लोखंडाचे कण काढायचे, एका जड द्रवात टाकून हलके वर तरंगू द्यायचे, आणि शेवटी सूक्ष्मदर्शकाखाली बसून सुईच्या टोकाने एकेक कण निवडायचा. हो, निवडायचा. एवढी यंत्रे निघाली, पण निवडणे शेवटी डोळ्यांनी आणि हातांनीच. लेकीने मला एकदा नेऊन दाखवले. काचेतून पाहिले आणि मी थक्क झाले. स्वच्छ, लांबट, दोन्ही टोकांना टोकदार, जणू खडीसाखरेचे स्फटिक. ती म्हणाली, "कडा शाबूत आहेत ते राखेतून थेट पडलेले. गोलसर आहेत ते कुठून तरी पाण्याने वाहून आलेले. ते आपल्या कामाचे नाहीत." थोडा वेळ मी स्वतः सांगत राहिले, हा घे, हा नको, हा तडकलेला दिसतो. डाळ निवडून निवडून नजर बसलेली असते आपली. दोन पोत्यांत मिळून ४१ कण आले. त्यांतले २३ कडा शाबूत असलेले.

तेवीस! आणि मी मोरीत किती सोडले असतील, देव जाणे.

येथे शास्त्रातली एक अडचण सांगते, कारण थोरलीचा सगळा जीव त्यातच अडकला होता. कण दिसायला एक असला तरी तो एकाच वेळी झालेला असेलच असे नाही. कांद्याप्रमाणे त्याला पापुद्रे असतात. आतला गाभा फार जुना, आणि त्यावर पुढे कधीतरी नवा रस चढून वाढलेला वरचा पदर. विजेच्या झोताखाली धरले की हे पदर चमकून दिसतात. असा कण सबंध विरघळवून वय काढले, तर आजीचे आणि नातीचे वय मिसळून भागिले दोन केल्यासारखे उत्तर येईल. ते आजीचेही नव्हे आणि नातीचेही नव्हे.

यावर ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेरा येथे बिल कॉम्प्स्टन नावाच्या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० नंतरच्या दशकात एक यंत्र बांधले. खोली भरेल एवढे यंत्र, आणि त्याच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांचा शब्द होतो 'श्रिंप', म्हणजे कोळंबी! ते कण विरघळवीत नाही. प्राणवायूच्या भारित अणूंचा बारीक झोत कणावर नेमक्या जागी मारते. खड्डा पडतो तो केसाच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा रुंद आणि खोलीला तर नावालाच. त्यातून उडालेले अणू चुंबकातून वजनाप्रमाणे निवडले जातात. म्हणजे एकाच कणाच्या गाभ्याला वेगळे विचारता येते आणि पदराला वेगळे, आणि कण शाबूत राहतो.

या यंत्राने काय काय सांगितले ते ऐकून मी कामे विसरले. पश्चिम ऑस्ट्रेलियात जॅक हिल्स नावाच्या रुक्ष टेकड्या आहेत. तिथला दगड सुमारे ३०० कोटी वर्षांचा, पण त्यात अडकलेले काही झिरकॉन त्याहून कितीतरी जुने. १९८६ साली तिथे ४२७ कोटी वर्षांपूर्वीचा कण सापडला, आणि २००१ साली सायमन वाइल्ड, जॉन व्हॅली आदी मंडळींनी एका कणाच्या एका भागाचे वय ४४० कोटी वर्षे असल्याचे प्रसिद्ध केले. पृथ्वीचा जो तुकडा माणसाच्या हाती आला, त्यात याहून जुने काही नाही. बरे, वयाखेरीज त्यांनी प्राणवायूच्या भावंडांचेही माप घेतले. १६ वजनाचा प्राणवायू आणि १८ वजनाचा. त्यातल्या जड भावाचे प्रमाण जितके असावे त्याहून वाढलेले आढळले, आणि तसे होते ते दगडाचा पूर्वी जमिनीवरच्या वाहत्या पाण्याशी संबंध आला असेल तर. म्हणजे ४३० कोटी वर्षांपूर्वी, पृथ्वी होऊन पंचवीस कोटी वर्षेही झाली नव्हती तेव्हा, येथे पाणी होते. तोवर शास्त्रज्ञ समजत होते की त्या काळी पृथ्वी म्हणजे नुसता निखारा. एका रव्याएवढ्या कणाने एवढी मोठी समजूत पालटली.

आपल्या देशातही असे कण मिळाले आहेत. ओडिशात चंपुआ येथल्या दगडातले दोन झिरकॉन ४२४ आणि ४०३ कोटी वर्षांचे निघाले. २०१८ साली ते काम प्रसिद्ध झाले. त्यात पहिले नाव एका मुलीचे आहे, कलकत्ता विद्यापीठाच्या त्रिस्रोता चौधुरी यांचे. मोजणीसाठी कण चीनमध्ये पाठवावे लागले.

मग मी सहजच म्हटले, "झाले तर! तुझे २३ कणही त्या कोळंबीत घाल." तेव्हा कळले की तसे होत नाही. आपल्या घाटाचा प्रश्न निराळा आहे. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी पृथ्वीवरचे डायनोसॉर आणि आणखी कितीतरी जीव नष्ट झाले. त्याच सुमारास मेक्सिकोजवळ एक प्रचंड उल्का आदळली, आणि त्याच सुमारास आपल्याकडे हा लाव्हा वाहत होता. दोष उल्केचा की सह्याद्रीचा? हे ठरवायचे तर लाव्ह्याचा कोणता थर उल्केच्या आधीचा आणि कोणता नंतरचा हे कळायला हवे. तिथे चाळीस-पन्नास हजार वर्षांचीसुद्धा चूक भारी पडते. झोताचे यंत्र शंभरात एखादा भाग चुकते. जॅक हिल्सच्या कणाला ते चालते. येथे एक भाग म्हणजे सहा-सात लाख वर्षे! म्हणून अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या ब्लेअर शोएन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या घाटांमधल्या तांबड्या पट्ट्यांतले झिरकॉन जुन्या रीतीने, एकेक सबंध कण तीव्र आम्लात विरघळवून मोजले. २०१५ साली त्यांनी सांगितले की लाव्ह्याचा मुख्य ओघ त्या संहाराच्या अडीच लाख वर्षे आधी सुरू झाला आणि सगळा मिळून साडेसात लाख वर्षे चालला. २०१९ साली तर एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन लेख आले. शोएन यांचे झिरकॉन म्हणतात, संहाराच्या काही दशसहस्र वर्षे आधी लाव्ह्याचा एक मोठा लोंढा आला. कोर्टनी स्प्रेन या बाईंच्या गटाने दगडातला आर्गॉन वायू मोजला. त्या म्हणतात, लाव्ह्याचा तीन चतुर्थांश भाग उल्केनंतरचा. हा वाद मिटलेला नाही.

आमच्या लेकीचे २३ कण त्या वादात पडायचे आहेत. आणि पेच असा, की वय बारकाईने हवे तर कण विरघळवायला हवा. शिसे मुळीच नसलेल्या इवल्याशा कुपीत, तीव्र आम्लात, दोन-अडीच दिवस दोनशे अंशांवर तापवून. एकदा विरघळला की गेला. आत जुना गाभा होता हे मागाहून कळून उपयोग नाही. म्हणून आधी झोताखाली एकेकाचे पदर पाहायचे, गाभा असलेले बाजूला काढायचे, आणि उरतील त्यांवर पाणी सोडायचे.

हे सगळे चालले असताना तिला एक स्थळ आले होते. मंडळी चांगली होती. बोलता बोलता त्यांच्यातल्या आत्याबाईंनी विचारले, "हे दगडामातीचे अजून किती दिवस?" दोन वर्षांपूर्वी मीच हा प्रश्न थोरलीला दर रविवारी करीत असे, तेव्हा त्या बाईंना मी दोष देत नाही. पण त्या दिवशी ह्यांनी माझ्याकडे पाहिले आणि मी म्हटले, "तेवीस कण व्हायचे आहेत." त्यांना काही बोध झाला नाही. मंडळींनी पुन्हा निरोप पाठवला नाही. सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनीच विचारले, "तेवीस कशाचे गं?" मग त्यांनाही मी कांद्याचे पापुद्रे सोलून दाखवले.

गेल्या पंधरवड्यात लेकीचा फोन आला. झोताखाली २३ मधल्या ९ कणांत जुने गाभे दिसले. उरलेले १४ तिने परगावच्या प्रयोगशाळेत आम्लात घातले आहेत. उत्तर यायला दोन-तीन महिने लागतील. तिचे मार्गदर्शक म्हणतात, चौदा कमी पडतील, त्याच पट्ट्यातली आणखी माती हवी.

म्हणून दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी आम्ही पुन्हा आंबेनळी घाटात निघालो आहोत. कॉलेजचे पत्र आमच्याजवळ आहे, तेव्हा कोणी अडवील ही भीती नको. ज्यांना तांदूळ रोळण्याचा चांगला हात आहे आणि दिवसभर उकिडवे बसवते, त्यांनी कार्यवाह वहिनींकडे नावे द्यावीत. पहिली एस. टी. सकाळी धरायची आहे. डबा आपापला आणावा, चहा माझा. स्टीलच्या ताटल्या मात्र कोणी आणू नयेत.